चढ आधी पायांना कळतो

एका वाड्याची जागा

महाडहून रायगडाकडे निघालेली एसटी पंचवीसेक किलोमीटर वळणं घेत पाचाडला येते. इथं जिजाऊंची समाधी आहे आणि त्यांच्या वाड्याचे अवशेष आहेत. राजधानी गडावर असताना राजमातेचा वाडा खाली का? परंपरेनं चालत आलेलं उत्तर साधं आहे. गडावरची थंड हवा आणि भणाणता वारा आईसाहेबांना उतारवयात मानवेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पायथ्याशी वाडा बांधला. ६ जून १६७४ ला वर राज्याभिषेक झाला तेव्हा जिजाऊ शहात्तर वर्षांच्या होत्या. अकरा दिवसांनी, १७ जूनला, त्यांनी पाचाडलाच देह ठेवला.

वाड्याच्या आवारात विहिरी आहेत. त्यांतली एक तक्क्याची विहीर म्हणून ओळखली जाते. तिच्या काठाशी पाठ टेकायला दगडात घडवलेला तक्क्या आहे. जिजाऊ तिथं बसायच्या आणि पाणी भरायला आलेल्या बायाबापड्यांशी बोलायच्या, असं सांगतात. रायगडच्या वाटेवर असलेल्या बहुतेकांचं लक्ष वरच्या कड्यांकडे असतं आणि ही विहीर पाहायची राहून जाते. मला मात्र रायगड समजून घ्यायची सुरुवात इथूनच करावीशी वाटते. पाठीला आधार मिळाला की माणूस घाई सोडतो. घाई सुटली की समोरच्याचं ऐकू येतं. हा दगड ज्यानं घडवला त्याला हे ठाऊक असलं पाहिजे.

आपण राहतो ती जागा, चढतो ती पायरी, वाकून ओलांडतो तो दरवाजा यांचा आपल्या विचारांशी काय संबंध असतो, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी पाचाडपासून वर गडापर्यंत आणि खाली महाडपर्यंत थोडं फिरून येऊ.

विचार फक्त डोक्यात होतो का?

बुद्धी मेंदूत असते आणि हातपाय तिचा हुकूम पाळतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. गेल्या शतकात या समजुतीला अनेकांनी धक्का दिला. फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँती यांनी १९४५ मध्ये आंधळ्याच्या काठीचं उदाहरण दिलं. सरावानंतर त्या माणसाला हातातली काठी जाणवत नाही, काठीच्या टोकाशी असलेला रस्ता जाणवतो. त्याच्यापुरती काठी शरीराचाच भाग झालेली असते. पावसाळ्यात निसरड्या बांधावरून काठी टेकत जाणाऱ्या म्हाताऱ्याला हे सांगावं लागणार नाही.

पुढं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी म्हटलं की आपल्याला आधी वस्तूचा आकार आणि रंग दिसतो आणि मग तिचा उपयोग सुचतो, असं नसतं. ती वस्तू आपल्याला काय करू देईल, हेच आपण पाहत असतो. गुडघ्याएवढा दगड दिसला की तो बसण्याजोगा दिसतो. तान्ह्या पोराला तोच दगड धरून उभं राहण्याजोगा दिसतो. १९९१ मध्ये फ्रान्सिस्को व्हरेला, इव्हान थॉम्पसन आणि एलेनॉर रॉश यांनी या विचाराला बौद्ध चिंतनाची जोड देऊन एक पुस्तक लिहिलं, आणि तिथून देहाधारित आकलन ही अभ्यासशाखा रुजत गेली. तिचं म्हणणं थोडक्यात असं की मेंदू, शरीर आणि भोवताल ही तीन वेगळी खाती नव्हेत. विचार या तिघांच्या देवाणघेवाणीतून घडतो.

पायरीची उंची कोण ठरवतं?

पाचाडची खिंड ओलांडून गेलं की चित दरवाजापाशी गडाच्या पायऱ्या लागतात. वर पोचेपर्यंत त्या चौदाशे-पंधराशे भरतात. चढायला सुरुवात केली की पहिल्या शंभरेक पायऱ्यांत गप्पा चालतात. मग वाक्यं लहान होतात. मग नुसते हुंकार उरतात. डोक्यात घोळणारे शहरातले विषय कुठं गळून पडले ते कळतही नाही, आणि लक्ष पुढच्या पायरीवर येऊन थांबतं. कारण या पायऱ्या एकसारख्या नाहीत. कुठं बुटकी, कुठं उंच, कुठं मधेच लांबट टप्पा. घराचा जिना आपण न बघता चढतो. इथं प्रत्येक पाऊल नव्यानं ठरवावं लागतं.

पण हे ठरवतं कोण? १९८४ मध्ये विल्यम वॉरन या संशोधकानं उंच आणि बुटक्या तरुणांना वेगवेगळ्या उंचीच्या पायऱ्यांची चित्रं दाखवून विचारलं, हातांचा आधार न घेता यावर चढता येईल का? उंच मंडळींची मर्यादा इंचांत जास्त आली, बुटक्यांची कमी. प्रत्येकाच्या पायाच्या लांबीशी ताडून पाहिल्यावर मात्र दोघांचं उत्तर एकच निघालं, पायाच्या लांबीच्या ०.८८ पट. सर्वांत कमी दमणूक होणारी पायरीही अशीच निघाली, पायाच्या लांबीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी. म्हणजे पाय ऐंशी सेंटिमीटरचा असेल तर वीस-एकवीस सेंटिमीटर. यातली कुठलीच मोजणी त्या तरुणांनी जाणीवपूर्वक केली नव्हती. त्यांची नजर पायांच्या मापानंच पाहत होती.

आठ वर्षांचं पोर आणि त्याचा बाप रायगडाच्या एकाच पायरीसमोर उभे असतात तेव्हा त्यांच्यासमोरचा गड वेगवेगळा असतो, तो या अर्थानं. पोराला जिथं हात टेकावे लागतात तिथं बाप दोन पायऱ्या एकदम घेतो. आणि वर जाऊन दोघं ‘आम्ही रायगड पाहिला’ असं म्हणतात.

दमलेल्या डोळ्यांचा डोंगर

चढ आपल्याला नेहमी आहे त्यापेक्षा खडा दिसतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वर्षानुवर्षं मोजलं. पाच अंशांचा उतार लोकांना वीस अंशांच्या आसपास वाटतो, दहा अंशांचा तीसच्या. गंमत अशी की डोळ्यांनी न सांगता हाताखालची फळी उताराइतकी कलती करायला सांगितली, तर हात बराच अचूक निघतो. हाताला खरं ठाऊक असतं, नजर वाढवून सांगते.

मुक्ता भल्ला आणि प्रॉफिट यांनी १९९९ मध्ये आणखी पुढचं मांडलं. पाठीवर जड पिशवी असलेल्यांना, धावून दमलेल्यांना, आणि वय झालेल्यांना तोच चढ अधिक खडा दिसतो. पुढं एका प्रयोगात सोबत मित्र असेल तर चढ थोडा सौम्य वाटतो, असंही दिसलं. यावर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. फ्रँक डर्गिन यांनी २००९ मध्ये दाखवलं की पाठीवर पिशवी का दिली आहे याचा अंदाज येणारे लोक संशोधकाला हवं तसं उत्तर देतात. पिशवीचं वेगळं कारण सांगितलं की परिणाम विरतो. त्यामुळं डोळ्यांना खरोखर वेगळं दिसतं की फक्त मत बदलतं, हा वाद मिटलेला नाही. माझ्या मनाला मात्र यातली एक गोष्ट पटते. चढाचा अंदाज घेताना माणूस आपल्या ताकदीचा हिशेब बाजूला ठेवू शकत नाही.

याचा एक साक्षीदार थेट १६७४ चा आहे. राज्याभिषेकासाठी आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन आधी पाचाडला उतरला होता. महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडी गेले होते, त्यामुळं त्याला खाली थांबावं लागलं. मग तो गड चढून गेला. राज्याभिषेकाच्या वर्णनात त्यानं दरवाजाशी उभे असलेले दोन छोटे हत्ती आणि सजवलेले घोडे नोंदवले आहेत, आणि इतक्या अवघड, धोक्याच्या वाटेनं ही जनावरं वर आणली कशी, याचा अचंबाही. दरबाराची श्रीमंती त्यानं सविस्तर लिहिली. पण हा अचंबा दरबार बघून झालेला नाही. ज्येष्ठाच्या उकाड्यात स्वतःच्या पायांनी तो चढ मोजलेला असल्यामुळंच हत्तींपुढं तो थबकला. रोपवेच्या पाळण्यातून वर येणाऱ्याला गडावरचा हत्तीतलाव पाहून पडणारा प्रश्न आणि ऑक्झेंडनला पडलेला प्रश्न यांत हाच फरक आहे.

महादरवाजाचं वळण

हिरोजी इंदुलकरांनी बांधलेल्या या गडात शरीर ओळखून केलेल्या अनेक गोष्टी आहेत. महादरवाजा त्यांतली सर्वांत मोठी. चढून येणाऱ्याला तो लांबून दिसतच नाही. दोन भव्य बुरुजांच्या कवेत, वळण घेतल्यावर, तो एकदम समोर येतो. तोवर दम लागलेला असतो, नजर पायांखाली असते आणि दोन्ही अंगांनी भिंती चढलेल्या असतात. शत्रू असेल तर त्याच क्षणी तो सर्वांत दुबळा असतो. पाहुणा असेल तर त्याच क्षणी त्याला राज्याच्या ताकदीची जाणीव होते. त्यासाठी कुणी भाषण करावं लागत नाही.

वर नगारखान्यापाशी पुन्हा असंच. नगारखान्यात हलक्या आवाजात बोललेलं सिंहासनाच्या जागी ऐकू येतं, आणि येणारे लोक आजही कागद फाडून किंवा कुजबुजून ते आजमावून पाहतात. दारातून आत येणाऱ्याची चाहूल बसलेल्याला आधीच लागावी, अशी ही जागा आहे. जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजींचं नाव कोरलेलं आहे, सेवेला तत्पर असल्याचं सांगणारं. एवढा गड उभारणाऱ्यानं नावासाठी कमान किंवा बुरूज निवडला नाही, दर्शनाला येणाऱ्याचा पाय जिथं पडेल ती जागा निवडली. वाचण्यासाठी मान खाली घालावीच लागते.

चढणाऱ्या माणसाला नजरेसमोर ठेवून रचलेला हा गड मे १८१८ मध्ये पडला, तो समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून झालेल्या तोफांच्या माऱ्यानं. तोफेच्या गोळ्याला दम लागत नाही.

हिरकणीचा कडा

हिरकणीची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. पायथ्याच्या वाडीतली गवळण दूध घालायला गडावर येते, संध्याकाळी दरवाजे बंद होतात, घरी तान्हं बाळ असतं, आणि ती रात्रीच्या काळोखात कडा उतरून जाते. महाराज तिचा सन्मान करतात आणि त्या जागी बुरूज बांधतात. ही दंतकथा आहे, कागदोपत्री पुरावा नाही. पण दंतकथेतही एका समाजाचं शहाणपण साठलेलं असतं.

आपण ही गोष्ट आईच्या मायेची म्हणून सांगतो. तिच्यात आणखी एक नेमकी गोष्ट दडलेली आहे. ज्या कड्याकडे पाहून गडाचे जाणकार ‘इथून वाट नाही’ म्हणाले होते, तिथंच रोज गुरांमागं हिंडणाऱ्या एका बाईच्या पायांना वाट दिसली. कडा तोच. पाहणारे पाय बदलले. गिब्सननं पुस्तकभर मांडलेला मुद्दा या एका गोष्टीत आहे, आणि त्याचं पुढचं पाऊलही आहे. एकीला उतरता आलं म्हणजे दुसऱ्याला चढता येईल, हे ओळखून तिथं बुरूज घातला गेला. रायगडच्या परिसरातल्या गवळी-धनगरांच्या वाड्यांवर आजही पायवाटा अशाच पायांत साठवलेल्या असतात. विचाराल तर सांगता येणार नाहीत, सोबत चालाल तर दाखवतील.

माथा, सोंड, पायथा

या मुलखाची भाषा ऐकताना आधी जाणवतो तो उतार. पाचाडात ‘वर गेलाय’ म्हटलं की तो गडावर गेलाय, वेगळं सांगावं लागत नाही. ‘घाटावर’ म्हणजे सह्याद्रीपलीकडचा देश. कोकणाचेही दोन भाग, किनाऱ्याजवळची खलाटी आणि डोंगराकडची वलाटी. एक खालची, एक वरची. दिशा सांगायला पूर्व-पश्चिम लागतेच असं नाही.

मेक्सिकोतल्या डोंगराळ भागात त्सेल्ताल भाषा बोलणारे लोक तर टेबलावरच्या दोन वस्तूंची जागा सांगतानाही ‘चढाकडची’ आणि ‘उताराकडची’ असं सांगतात. स्टीफन लेव्हिन्सन आणि पेनेलोप ब्राऊन यांनी त्यांचा अभ्यास केला. त्यांचा डोंगर सगळा एका बाजूला कलता आहे, आणि तो कल सपाट खोलीतही त्यांच्या बोलण्यात टिकून राहतो. ज्या जमिनीवर आपण वाढलो तिचा कल घेऊन आपण फिरतो, असाच याचा अर्थ.

मराठीनं आणखी एक केलं. डोंगराला शरीर दिलं. त्याला माथा आहे, पायथा आहे, सोंड आहे, कूस आहे; घाटाला तोंड आहे. उलट बाजूनं मनाच्या गोष्टी आपण शरीराच्या ओझ्यातून सांगतो. डोक्यावरचं ओझं उतरतं, जीव वर-खाली होतो, मन जड होतं, एखाद्याचा पाय घसरतो. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये मांडलं की अशा शब्दयोजना नुसतं अलंकारिक बोलणं नसतं, अमूर्त गोष्टींचा विचार आपण शरीराच्या अनुभवावर उभा करतो. ज्या बाईनं खरोखर रोज डोक्यावरून ओझं उतरवलं आहे, तिला तो वाक्प्रचार शिकवावा लागत नाही.

डोक्यावरचा हंडा

आणि ते ओझं या तालुक्यांत फार काळ बायांनी वाहिलं. महाड-पोलादपूरला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी उन्हाळ्यात वाड्यांवर पाण्याची टंचाई होते, कारण काळ्या कातळाच्या उतारावरून पाणी थांबत नाही, सावित्री-गांधारीला मिळून निघून जातं. मग डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, आणि चढाची पायवाट.

डोक्यावर हंडा असताना खाली पाहता येत नाही. मान ताठ, नजर समोर, आणि रस्ता पायांनीच ओळखायचा. कुठला दगड हलतो, कुठं मुळी वर आली आहे, कुठं वळताना कंबर आधी वळवायची, हे सगळं वाट आणि शरीर यांच्यात ठरलेलं असतं. केनियातल्या लुओ आणि किकुयू बायांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या बाया आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचं ओझं डोक्यावरून नेताना रिकाम्या चालण्यापेक्षा जास्त शक्ती खर्च करत नव्हत्या. हे कसब लहानपणापासूनच्या सरावानं चालीत मुरतं.

याचं कौतुक करताना मला जपून बोलावंसं वाटतं. कसब मोठं आहे म्हणून ते करावं लागणं चांगलं ठरत नाही. नळ घरात यायलाच हवा. पण नळ आला की पाणवठ्यावरचं बोलणं बंद होतं, हेही बायाच सांगतात. तक्क्याच्या विहिरीवर जिजाऊंना जे ऐकायला मिळत असेल ते पाण्याच्या निमित्तानं जमलेल्या बायांकडून. त्या भेटीसाठी दुसरी जागा मुद्दाम करावी लागते, आणि ती करायचं सहसा कुणाच्या आराखड्यात नसतं.

चवदार तळ्याच्या पायऱ्या

पाणवठ्याबद्दल बोलताना महाडला न जाणं अप्रामाणिकपणा होईल. कारण जागा सगळ्या शरीरांना सारखं बोलावत नाहीत.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई कायदे कौन्सिलनं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेनंही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर अडथळा संपला होता. तरी तळ्याच्या पायऱ्या उतरून कुणी पाणी घेऊ शकत नव्हतं. गुरांना पाणी पिता येत होतं, माणसांना नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या परिषदेच्या मंडपातून हजारो लोकांसह चालत तळ्यावर गेले, पाण्यात उतरले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. त्यानंतर जमावानं परिषदेच्या लोकांना मारहाण केली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं, खटला चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला.

देहाधारित आकलनाच्या पुस्तकांत दगड, जिना, दार यांची उदाहरणं भरपूर असतात, आणि ती वाचताना वाटतं की पायरीची उंची आणि पायाची लांबी जुळली की काम झालं. महाडची पायरी कुणाच्याही पायाला उंच नव्हती. ती अडवत होती ती माणसामाणसांत पिढ्यान्‌पिढ्या मुरवलेल्या भीतीनं आणि तिरस्कारानं, आणि हेही शरीरातच मुरलेलं असतं: कुठं थांबायचं, किती अंतर राखायचं, हात कुठं लावायचा नाही. म्हणूनच ठराव पुरला नाही. चालत जाऊन, पायऱ्या उतरून, ओंजळ भरावी लागली. बाबासाहेबांनी त्या दिवशी विचार बदलण्याचं काम पाय आणि हात यांच्यावर सोपवलं, ही मला त्या सत्याग्रहातली सर्वांत खोल गोष्ट वाटते.

डोंगर सरकतो तेव्हा

जागेची ओळख शरीरात मुरते, याची दुसरी बाजू या तालुक्यांनी फार किंमत देऊन पाहिली. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथं दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही त्याच पावसात दरडींनी बळी घेतले. महाबळेश्वरला, सावित्रीच्या उगमाशी, त्या एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता.

इथला माणूस उताराला भीत नाही. आजोबा त्याच उतारावर जगले, पाय त्याच मातीत वाढले, त्यामुळं तो भरवशाचा वाटतो. हाच भरवसा अपुरा पडतो. कातळावरच्या झिजलेल्या मातीत पाणी मुरत जातं, मातीच्या कणांमधला पाण्याचा दाब वाढतो, पकड सुटते, आणि पिढ्यांनी न पाहिलेली गोष्ट काही क्षणांत होते. शरीराला जे शिकवतं ते वारंवार घडणारं असतं. शंभर वर्षांत एकदा घडणारं पायांना शिकवता येत नाही. तिथं पर्जन्यमापक, नकाशा आणि वेळेवर दिलेला इशारा लागतो.

तरी शरीराची नजर निरुपयोगी नाही, तिला काय पाहायचं ते सांगावं लागतं. जमिनीला पडलेली नवी भेग, तिरकं झालेलं झाड, अचानक गढूळ झालेला झरा, आधी नव्हतं तिथं फुटलेलं पाणी, चौकटीत अडकू लागलेलं दार. यातलं शेवटचं तर हातालाच आधी कळतं. रोज उघडणारं दार आज जोर मागतंय, हे घरातली बाई कुठल्याही यंत्राआधी सांगेल, आणि तिचं ऐकून घेणारं कुणी हवं.

दरडीनंतर लोक नव्या वसाहतीत जातात तेव्हा फक्त छप्पर बदलत नाही. पडवीत बसून पाऊस पाहायचा, ओट्यावरून येणाऱ्याला हाक द्यायची, मागच्या परसात भांडी घासायची, इरलं कुठं टांगायचं, या शरीराच्या सवयींवर दिवस उभा असतो. घरं आखताना माणशी चौरस फूट मोजले जातात. ओट्याची उंची कुणी मोजत नाही.

पाळणा

१९९६ पासून हिरकणीवाडीतून रोपवे आहे. चार-पाच मिनिटांत माणूस वर पोचतो. तो नसावा असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. गुडघे गेलेल्या आजीला रायगड पाहायचा हक्क आहे, आणि आईच्या वयाकडे पाहून खाली वाडा बांधणाऱ्या राजाच्या गडावर तर नक्कीच.

पण धडधाकट माणसाचं काय हरवतं ते माहीत असावं. १९६३ मध्ये रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग केला. काळोखात वाढवलेल्या दोन पिल्लांना एका फिरत्या दांड्याला जोडलं. एक स्वतःच्या पायांनी चालायचं. दुसरं लहानशा पाळण्यात बसून त्याच्याबरोबर फिरायचं. दोघांना दिसायचं सारखंच. काही काळानं चालणाऱ्या पिल्लाला खोलीची नीट जाण आली, काठावरून ते पाय मागं घेऊ लागलं. पाळण्यातल्या पिल्लाला ती आली नाही. डोळे असून पाहणं पुरं झालं नव्हतं, कारण त्या दिसण्यात पाय नव्हते. मोठ्या माणसाला हे जसंच्या तसं लागू करता येणार नाही. पण शाळेची सहल रोपवेनं नेऊन रोपवेनं आणली, तर टकमक टोकाची उंची पोरांना सांगावी लागते. चढून आलेल्या पोराच्या पोटऱ्यांना ती ठाऊक असते.

पाठ टेकायला जागा

आता थोडं कामाचं. १९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा, सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. २००८ मध्ये मिशिगनमध्ये मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांना दिसलं की झाडांतून तासभर चालून आलेल्यांना आकडे उलट क्रमानं लक्षात ठेवणं गर्दीच्या रस्त्यावरून आलेल्यांपेक्षा चांगलं जमतं. पाचाडच्या शाळेच्या किंवा दवाखान्याच्या खिडकीला यासाठी काही खर्च नाही. डोंगर समोर आहेच. फक्त खिडकी त्या बाजूला आणि बाकावर बसलेल्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून रायगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता वर्दळ वाढेल, पायऱ्या दुरुस्त होतील, कठडे येतील, पाचाडला निवारे उभे राहतील. दुरुस्ती करताना सगळ्या पायऱ्या एका मापाच्या करण्याचा मोह होईल. जिथं घसरण्याचा धोका आहे तिथं ते करावंच. बाकी ठिकाणी जुना चढ पायांना वाचता येईल असा राहू द्यावा. ठरावीक टप्प्यांवर बसायला जागा हवी, आणि तिची उंची सत्तरीच्या माणसाला हात न टेकता उठता येईल एवढी हवी. बहुतेक निवाऱ्यांत सिमेंटचा बाक असतो, पाठीमागं काही नसतं. म्हातारं माणूस त्यावर बसतं, पण टेकत नाही, आणि दोन मिनिटांत उठतं.

माप शोधायला लांब जायला नको. ज्याला आराखडा काढायचा आहे त्यानं टेप घेऊन आधी वाड्याच्या विहिरीवर जावं, तक्क्याला पाठ लावून बसावं, आणि समोर पाणी भरायला कुणी आलं असतं तर तिचा चेहरा किती उंचीवर आला असता ते पाहावं.